फ्रान्सचा आरोग्य-पास: लस टोचली गेली, अविश्वास राहिला

रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा टोचली गेली ती १८८५ मध्ये, पॅरिसमध्ये, लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली. त्याच देशात २०१८ मध्ये दर तीन माणसांमागे एक जण म्हणत होता की लस सुरक्षित असते हे आपल्याला मान्य नाही. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने १४० हून अधिक देशांत केलेल्या त्या पाहणीत हे प्रमाण जगात सर्वांत जास्त निघाले. तीन वर्षांनी याच देशाच्या सरकारने कॅफेत बसायला, सिनेमा पाहायला आणि लांबच्या रेल्वेत चढायला लसीचा, निगेटिव्ह चाचणीचा किंवा बरे झाल्याचा पुरावा सक्तीचा केला, आणि कोट्यवधी लोकांनी लस घेतली.

ही गोष्ट यशाची म्हणून सांगितली जाते. तशी ती बऱ्याच अंशी आहेही. पण संशय कुठून आला होता आणि सक्तीनंतर तो कुठे गेला, हे पाहिल्याशिवाय या प्रकरणातून काही हाती लागत नाही. पुढे नावे आहेत ती सार्वजनिक पदांवरच्या आणि सार्वजनिक चर्चेतल्या व्यक्तींचीच. सामान्य नागरिक निनावी ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

फ्रेंच माणूस मुळातच विज्ञानविरोधी, असा निष्कर्ष वरच्या आकड्यावरून काढणे चूक ठरेल. त्याच काळात तिथली बहुसंख्य मुले वेळच्या वेळी लस घेत होती. संशय होता तो लस देणाऱ्या हातांबद्दल, म्हणजे सरकार, औषध कंपन्या आणि त्यांच्यातल्या नात्याबद्दल. या संशयाला इतिहास आहे.

१९८० च्या दशकात हिमोफिलियाच्या रुग्णांना एचआयव्हीबाधित रक्तघटक दिले गेले. या प्रकरणी १९९९ मध्ये एक माजी पंतप्रधान आणि दोन माजी मंत्री विशेष न्यायालयासमोर उभे राहिले. दोघे निर्दोष सुटले, तिसरा दोषी ठरला, पण त्याला शिक्षा झाली नाही. १९९४ मध्ये शाळांमधून हिपॅटायटिस-बी लसीची मोठी मोहीम सुरू झाली. या लसीने मज्जासंस्थेचा एक आजार होतो अशी भीती पसरली आणि १९९८ मध्ये सरकारनेच शाळांतले लसीकरण थांबवले. पुढच्या संशोधनात तसा संबंध सिद्ध झाला नाही, पण 'धोका नव्हता तर थांबवले कशाला?' हा प्रश्न लोकांच्या मनात घर करून राहिला. मग मेदियातोर नावाच्या औषधाचे प्रकरण आले. मधुमेहाचे म्हणून विकले जाणारे आणि वजन कमी करायला सर्रास वापरले जाणारे हे औषध हृदयाच्या झडपांना इजा करत होते. ब्रेस्त शहरातल्या डॉक्टर इरेन फ्राशाँ यांच्या चिकाटीमुळे ते २००९ मध्ये बाजारातून गेले. सर्विए या उत्पादक कंपनीला न्यायालयाने दोषी ठरवले ते २९ मार्च २०२१ रोजी, कोविड लसीकरण ऐन भरात येत असताना.

आपल्या प्रकरणाशी सर्वांत जवळचा धागा २००९ च्या स्वाइन फ्लूचा. आरोग्यमंत्री रोझलिन बाशलो यांनी लसीचे ९ कोटी ४० लाख डोस मागवले आणि व्यायामशाळांमध्ये लसीकरण केंद्रे उघडली. फॅमिली डॉक्टरांना मोहिमेबाहेर ठेवले गेले. लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी लस घेतली, पाच कोटी डोसांची मागणी रद्द करावी लागली आणि 'कंपन्यांची धन केली' हा ठपका कायमचा बसला.

या सगळ्याच्या वर ताजे राजकारण होते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून इंधनावरच्या करवाढीतून पेटलेले पिवळ्या जाकिटांचे आंदोलन, २०१९-२० च्या हिवाळ्यात निवृत्तिवेतनातल्या बदलांविरुद्धचा दीर्घ संप. २९ फेब्रुवारी २०२० रोजी कोरोनावर चर्चा करायला म्हणून खास मंत्रिमंडळ बैठक बोलावली गेली आणि त्याच दिवशी हे निवृत्तिवेतन विधेयक मतदानाशिवाय पुढे रेटण्याची घोषणा झाली. साथीचे कारण पुढे करून आपले दुसरेच काम उरकणारे सरकार, अशी प्रतिमा साथ नीट सुरू होण्याआधीच तयार झाली होती.

मार्च २०२० मध्ये सरकार सांगत होते की सर्वसामान्यांना मास्कची गरज नाही. खरे कारण हे की साठाच उरला नव्हता. काही महिन्यांत तोच मास्क सक्तीचा झाला. 'आमच्याकडे मास्क नाहीत, आधी डॉक्टर-परिचारिकांना देऊ' एवढे खरे सांगितले असते तर लोक रागावले असते, पण पुढच्या वर्षी लसीबद्दलच्या शब्दावर विश्वास ठेवायला त्यांना जागा उरली असती. माझ्या मते या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय मास्कच्या वेळीच चुकला होता.

अडचण

डिसेंबर २०२० मध्ये इप्सॉस या पाहणी संस्थेने १५ देशांत विचारले, लस मिळाली तर घ्याल का? फ्रान्समध्ये होकार देणारे ४० टक्के होते, पंधरा देशांत सर्वांत कमी. त्या आधीच, नोव्हेंबरमध्ये, राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी जाहीर शब्द दिला होता की लस सक्तीची करणार नाही.

संशयी जनतेला बुजवू नये म्हणून सरकारने सुरुवात अतिशय सावध ठेवली. पहिली लस २७ डिसेंबरला पॅरिसजवळच्या सेव्हराँ इथल्या एका ७८ वर्षांच्या आजींना दिली गेली. वृद्धाश्रमांसाठी लेखी मार्गदर्शिका, लस देण्याआधी डॉक्टरांची स्वतंत्र तपासणी, संमतीची सविस्तर प्रक्रिया. परिणाम असा की पहिल्या आठवड्यात साऱ्या देशात पाचशेच्या आसपास लोकांना लस मिळाली. जर्मनीत तोवर आकडा दोन लाखांवर गेला होता. मग एका रात्रीत सूर बदलला. जी सावधगिरी विश्वासासाठी होती तीच दिरंगाई ठरली आणि घाई सुरू झाली. ३५ नागरिकांची चिठ्ठी टाकून निवडलेली समितीही जानेवारीत नेमली गेली, पण खरे निर्णय राष्ट्राध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या संरक्षण परिषदेच्या बैठकीत होत राहिले, आणि तिथले कामकाज कायद्यानेच गोपनीय असते.

अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या बाबतीत जे घडले ते तर फार महाग पडले. २९ जानेवारी २०२१ रोजी मॅक्रॉन पत्रकारांना म्हणाले की ही लस ६५ वर्षांवरच्यांवर जवळजवळ निष्प्रभ दिसते. त्याच दिवशी युरोपीय औषध यंत्रणेने ती सर्व प्रौढांसाठी मंजूर केली. फ्रान्सने आधी ती फक्त ६५ वर्षांखालच्यांना दिली, मार्चच्या सुरुवातीला मर्यादा ७५ वर नेली, १५ मार्चला रक्ताच्या गुठळ्यांच्या बातम्यांमुळे ती थांबवली आणि १९ मार्चला पुन्हा सुरू केली, ती फक्त ५५ वर्षांवरच्यांसाठी. गुठळ्यांचा धोका दुर्मीळ पण खरा होता आणि वयाची अट बदलण्यामागे वैद्यकीय कारण होते. पण आधी म्हाताऱ्यांना चालत नाही म्हणायचे आणि सात आठवड्यांत फक्त म्हाताऱ्यांनाच चालते म्हणायचे, हे ऐकणाऱ्याने काय समजावे?

आता यातली सर्वांत कळीची बाब. फ्रेंच माणूस मंत्र्यावर विश्वास ठेवत नाही, पण आपल्या फॅमिली डॉक्टरवर ठेवतो. फेब्रुवारीच्या अखेरीस या डॉक्टरांना लसीकरणात घेतले गेले आणि त्यांच्या हाती दिली गेली ती अ‍ॅस्ट्राझेनेका, कारण ती साध्या फ्रीजमध्ये टिकते. लोकांना हवी असलेली फायझर मोठ्या केंद्रांत, डॉक्टोलिब या संकेतस्थळावर वेळ घेऊन मिळत होती. म्हणजे विश्वासाच्या माणसाकडे अविश्वासाची लस आणि विश्वासाची लस अनोळखी सभागृहात. मॉडर्ना दवाखान्यांत पोहोचेपर्यंत उन्हाळा उजाडला.

जूनमध्ये पहिला डोस घेणाऱ्यांची संख्या उतरू लागली. भारतात प्रथम सापडलेला कोरोनाचा डेल्टा प्रकार युरोपात पसरत होता. जुलैच्या मध्यावर लोकसंख्येतल्या जेमतेम निम्म्यांना एक तरी डोस मिळाला होता. ज्यांना घ्यायचीच होती त्यांची घेऊन झाली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरसकट सक्ती. २०१८ मध्ये आरोग्यमंत्री आन्येस ब्युझँ यांनी लहान मुलांच्या सक्तीच्या लसी ३ वरून ११ वर नेल्या होत्या, तेव्हाही आरडाओरडा झाला होता, पण लसीकरण वाढले होते. समाजवादी पक्ष सरसकट सक्तीच्या बाजूने होता. पास म्हणजे आडवळणाची सक्ती, त्यापेक्षा सरकारने जबाबदारी घेऊन सरळ कायदा करावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे विधेयक सिनेटने ऑक्टोबरमध्ये फेटाळले. हा युक्तिवाद मला प्रामाणिक वाटतो. सरसकट सक्तीत राज्यसंस्था म्हणते, 'हे मी सांगते, काही झाले तर उत्तर मी देईन.' अडचण अंमलबजावणीची होती: न ऐकणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाला दंड कोण लावणार?

दुसरा पर्याय, धोका जास्त असलेल्या वयोगटापुरती सक्ती. ग्रीसने पुढे ६० वर्षांवरच्यांसाठी आणि इटलीने ५० वर्षांवरच्यांसाठी तो निवडला. तिसरा, घरोघरी जाऊन लस देणे. हे काम सुरू होते, पण तुकड्या-तुकड्यांत. चौथा, पास: लस, निगेटिव्ह चाचणी किंवा बरे झाल्याचा दाखला, यांपैकी एक दाखवा आणि आत या. अगदी वसंत ऋतूपर्यंत सरकार सांगत होते की असा पास रोजच्या व्यवहारांसाठी वापरला जाणार नाही.

घेतलेला निर्णय

१२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी मॅक्रॉन यांनी आयफेल टॉवरच्या पार्श्वभूमीवरून भाषण केले. दोन कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिले. आरोग्य आणि वृद्धसेवेतल्या कर्मचाऱ्यांना १५ सप्टेंबरपर्यंत लस सक्तीची. ५० पेक्षा जास्त लोक येणाऱ्या करमणुकीच्या जागी २१ जुलैपासून पास, आणि ऑगस्टमध्ये कॅफे, रेस्तराँ, लांब पल्ल्याच्या गाड्या यांतही. चाचण्या आजवर फुकट होत्या, त्यांना शरद ऋतूपासून पैसे पडणार होते. भाषण झाले त्या एका दिवसात डॉक्टोलिबवर नऊ लाखांहून अधिक लोकांनी लसीची वेळ घेतली.

५ ऑगस्टला, कायदे घटनेशी जुळतात का हे तपासणाऱ्या संविधान परिषदेने कायद्याचा बहुतांश भाग मान्य केला. बाधितांना सक्तीने घरात ठेवण्याची आणि मुदतीच्या करारावरच्या कामगाराचा करार पासअभावी मोडण्याची तरतूद मात्र रद्द केली. ९ ऑगस्टला पास सर्वत्र लागू झाला. (मराठी वाचकाला हे परके वाटू नये. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टपासून, मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस झालेल्यांनाच सामान्य प्रवाशांत प्रवेश होता. आणि पुण्यात बनलेल्या कोविशील्डला जुलैत फ्रान्सची मान्यता मिळेपर्यंत, त्याच लसीचे डोस घेतलेला आपल्याकडचा विद्यार्थी तिथल्या दारात लस न घेतलेलाच ठरत होता.)

भर सुट्टीच्या मोसमात दर शनिवारी मोर्चे निघाले. गृहखात्याच्या मोजणीनुसार १७ जुलैला १ लाख १४ हजार आणि ७ ऑगस्टला २ लाख ३७ हजार लोक रस्त्यावर होते. फ्लोरियाँ फिलिपो यांच्यासारखे कडव्या उजव्या गटाचे नेते पुढे होते, पण मागे पिवळी जाकिटे, परिचारिका, कुठल्याच पक्षात नसलेली कुटुंबेही होती. काहींनी छातीवर पिवळा तारा, म्हणजे नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेली खूण, लावला आणि नाझी छळातून वाचलेल्या वृद्धांना जाहीरपणे सांगावे लागले की ही तुलना करू नका. ते दृश्य लज्जास्पद होते, यात दुमत असण्याचे कारण नाही. पण त्या ताऱ्यांमुळे साऱ्या मोर्चालाच एका रंगात रंगवणे सरकारला सोपे गेले, आणि ज्यांचे प्रश्न खरे होते त्यांना उत्तर देण्याची गरज उरली नाही.

राजकीय पक्षांची भूमिकाही सरळ नव्हती. कडव्या उजव्या पक्षाच्या मरीन ल पेन पासविरुद्ध होत्या, लसीविरुद्ध नव्हत्या. झाँ-ल्युक मेलाँशाँ यांचा डावा पक्षही पासच्या विरोधात होता. दोघांनाही ठाऊक होते की आपल्या मतदारांत लस घेतलेलेच जास्त आहेत.

ग्वाडेलूप

पॅरिसहून सुमारे पावणेसात हजार किलोमीटरवर, कॅरिबियन समुद्रात असलेले ग्वाडेलूप हा फ्रान्सचाच प्रांत आहे. इथे १२ जुलैच्या भाषणाने लोकांना केंद्रांकडे वळवले नाही. कारण समजून घ्यायला क्लोरडेकोनकडे जावे लागते.

क्लोरडेकोन हे केळीच्या बागांतल्या किडीवर मारले जाणारे कीटकनाशक. ते घातक असल्याचे ठाऊक असूनही आणि मुख्य भूमीवर १९९० मध्ये बंदी येऊनही ग्वाडेलूप आणि शेजारच्या मार्तिनिक बेटावर खास परवानग्या काढून ते १९९३ पर्यंत फवारले गेले. आज तिथल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात त्याचे अंश सापडतात. माती आणि पाणी पिढ्यान्‌पिढ्या दूषित राहणार आहे. प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांत मोडते. ज्या राज्यसंस्थेने 'हे सुरक्षित आहे' म्हणत हे विष वापरू दिले, तीच आता 'ही लस सुरक्षित आहे' म्हणत होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये डेल्टाची लाट आली तेव्हा बेटावर लस घेतलेले फार थोडे होते. रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत, मुख्य भूमीवरून डॉक्टर पाठवावे लागले. इतके मृत्यू डोळ्यांसमोर होऊनही नोव्हेंबरपर्यंत निम्म्या प्रौढांनीही लस घेतली नव्हती. १५ नोव्हेंबरला आरोग्य कर्मचाऱ्यांवरील सक्तीविरुद्ध बेमुदत संप सुरू झाला. रस्ते अडवले गेले, दुकाने जळाली, संचारबंदी आली, पॅरिसने विशेष पोलीस पथके पाठवली. शेवटी सक्तीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली.

संपकऱ्यांच्या मागण्यांत लस ही एक होती. बाकीच्या नळाला पाणी येत नाही, तरुणांना काम नाही, पेट्रोल महाग आहे, अशा. देशभरासाठी आखलेला नियम इथे आला तेव्हा तो आरोग्याचा नियम राहिला नाही. दूरच्या सत्तेने पुन्हा एकदा न विचारता लादलेली गोष्ट झाला. सरकारसमोर इथे निर्णयाचा एक वेगळा क्षण होता: मुदत लावण्याआधी क्लोरडेकोनबद्दल ठोस भरपाई आणि उपचार जाहीर करण्याचा. मॅक्रॉन यांनी २०१८ मध्ये मार्तिनिकला राज्यसंस्थेची जबाबदारी अंशतः मान्य केली होती. त्या कबुलीला पुढे नेण्याची वेळ हीच होती, आणि ती गेली.

परिणाम

१७ सप्टेंबर २०२१ रोजी एक तरी डोस घेतलेल्यांची संख्या पाच कोटींवर गेली. अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने नंतर हिशेब मांडला: पासमुळे लसीकरण सुमारे १३ टक्के-बिंदूंनी वाढले, वर्षअखेरपर्यंत सुमारे ४ हजार मृत्यू टळले आणि अर्थव्यवस्थेचे ६०० कोटी युरोंचे नुकसान वाचले. जर्मनी आणि इटलीपेक्षा फ्रान्समध्ये पासचा परिणाम जास्त झाला. ज्या देशात संशय सर्वांत जास्त होता, तिथेच सक्ती सर्वांत जास्त चालली. म्हणजे बऱ्याच लोकांचा संशय ठाम नकार नव्हता, 'बघू नंतर' होता. पासने त्यांना नंतरची सोय ठेवली नाही.

दुसरी बाजू वयाची. कोविडने सर्वांत जास्त मारले ते ८० वर्षांवरच्यांना, आणि २०२१ च्या अखेरीस त्यांच्यातला साधारण दहांतला एक जण लसीविना होता. स्पेन आणि पोर्तुगाल या वयोगटात फ्रान्सच्या पुढे होते. घराबाहेर न पडणाऱ्या, स्मार्टफोन नसलेल्या म्हातारीला रेस्तराँची दारे बंद झाल्याने काही फरक पडत नव्हता. तिला हवी होती दारात येणारी परिचारिका. गरीब वस्त्यांतही हेच: मार्से शहराच्या उत्तरेकडच्या भागांत आणि पॅरिसला लागून असलेल्या सेन-सँ-दनी जिल्ह्यात लसीकरण श्रीमंत शेजाऱ्यांच्या मागेच राहिले. सुरुवातीच्या महिन्यांत तर सेन-सँ-दनीच्या केंद्रांतल्या वेळा पॅरिसच्या सुखवस्तू भागांतले लोक संकेतस्थळावरून पटकावत होते. पहिली लस ज्या सेव्हराँमध्ये टोचली गेली, ते याच जिल्ह्यात आहे.

लस घेतलेल्यांतही शंका शिल्लक होत्या. पाहण्यांत अनेकांनी सांगितले की आपण घेतली ती पाससाठी, पटली म्हणून नव्हे. आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी मुदतीत लस घेतली; न घेणाऱ्या हजारोंना बिनपगारी निलंबित केले गेले आणि ते मे २०२३ मध्येच कामावर परतले.

त्यात ४ जानेवारी २०२२ ला प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत राष्ट्राध्यक्ष म्हणाले की लस न घेणाऱ्यांना जेरीस आणायची आपली मनापासून इच्छा आहे. शब्द त्यांनी शिवराळ वापरला होता. संसदेचे कामकाज थांबले. २४ जानेवारीपासून निगेटिव्ह चाचणीचा मार्गही बंद करून नुसता लसपास आला आणि १४ मार्चला, निवडणुकीच्या चार आठवडे आधी, तो मागे घेतला गेला. एप्रिलमध्ये मॅक्रॉन ५८.५ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले. ग्वाडेलूपने २०१७ मध्ये त्यांना ७५ टक्के मते दिली होती. या वेळी तिथे मरीन ल पेन यांना जवळजवळ ७० टक्के मिळाली. पहिल्या फेरीत हेच बेट मेलाँशाँ यांच्यामागे उभे होते, तेव्हा हा उजवीकडचा कल नव्हे. पॅरिसविरुद्धचे मत होते.

वेगळे काय करता आले असते

पास नकोच होता, असे मी म्हणणार नाही. डेल्टा दारात होता आणि वाचलेले चार हजार जीव हा हिशेबातला किरकोळ आकडा नाही. प्रश्न पासच्या आधीचा आणि सोबतचा आहे.

फॅमिली डॉक्टरांना फायझर किंवा मॉडर्ना फेब्रुवारीतच द्यायला हवी होती, थोड्या कुप्या का होईनात. थंड साठवणीची अडचण खरी होती, पण २००९ चा धडा समोर होता. डॉक्टरांकडे आपल्या कोणत्या म्हाताऱ्या रुग्णाने लस घेतली नाही याची नावांसह यादीही उशिरा पोहोचली. खरे तर हे पहिल्या महिन्याचे काम होते. 'कधीच करणार नाही' हा शब्द सरकारने मास्कनंतर तरी टाळायला हवा होता. सक्ती आणि रोजच्या वापराचा पास, दोन्हींबाबत तो दिला आणि दोन्ही वेळा मोडला, आणि मोडताना परिस्थिती का बदलली हे सांगण्याऐवजी लस न घेणाऱ्यांना दोष दिला.

सक्ती करायचीच तर ती वयानुसार असायला हवी होती असे मला वाटते. वीस वर्षांच्या मुलाला कॅफेतून परत पाठवण्यात जेवढी यंत्रणा खर्ची पडली, तेवढी ऐंशी वर्षांच्या माणसाच्या घरापर्यंत जायला वापरली असती तर टळलेल्या मृत्यूंचा आकडा आणखी मोठा असता. पोर्तुगालने रोजच्या आयुष्यावर इतका कडक पास न लादता ८५ टक्क्यांपर्यंत मजल मारली. तिथे लसींबद्दलचा विश्वास आधीपासून मजबूत होता हे खरे, पण मोहीम राजकीय नेत्याऐवजी नौदलाच्या एका अधिकाऱ्याकडे दिली गेली होती, हेही खरे. फ्रान्समध्ये प्रत्येक मोठी घोषणा राष्ट्राध्यक्षांच्याच तोंडून झाली, आणि ज्यांना ते आवडत नव्हते त्यांच्यासाठी लस म्हणजे मॅक्रॉन यांची लस झाली. बालरोगतज्ज्ञ आणि रोगप्रतिकारशास्त्रज्ञ आलँ फिशेर लस धोरण समितीचे प्रमुख होते. शांतपणे, शंका मान्य करत बोलणारा माणूस. त्यांना पुढे ठेवता आले असते.

ग्वाडेलूप आणि मार्तिनिकमधल्या संघटनांनी क्लोरडेकोनबद्दल दाखल केलेला फौजदारी खटला पॅरिसच्या न्यायाधीशांनी जानेवारी २०२३ मध्ये बंद केला. गुन्हा कालबाह्य झाला आहे आणि आता सिद्ध करणे अवघड आहे, असे कारण देताना त्यांनी हा आरोग्याचा घोटाळा होता हे मात्र निकालपत्रात नोंदवले.